सहीची जागा

लेकरांनो, परवा ईशाने फोनवर विचारलं, "आजी, तू पीएचडी का सोडलीस?" तुमच्या घरी तसंच सांगतात. ईशा आता स्वतः प्रयोगशाळेत आहे. तिचे आकडे जुळत नाहीत आणि तिचे सर 'जुळवून घे' म्हणतात. म्हणून आता लिहिते. क्रमाने.

नव्वदचं दशक. हिंगोली अजून वेगळा जिल्हा झाला नव्हता. मी कळमनुरीला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि सुट्ट्यांमध्ये विद्यापीठात संशोधन करायची. विषय: तांड्यावरच्या बायकांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन. तांडा माझाच, आखाडा बाळापूरच्या पुढचा.

पहिल्यांदा थर्मासमध्ये बर्फ भरून, वारंगा फाट्यावर बस बदलून रक्ताच्या नळ्या घेऊन गेले. मार्गदर्शक सरांनी एक नळी उजेडात धरली. मग नाकाजवळ नेली.

"तांड्याचा माल आहे. बघा रे, हातभट्टीचा वास येतो का."

सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

आमच्या बायकांच्या दंडात चुडा असतो. कोपराच्या वर बसवलेल्या पांढऱ्या बांगड्या. नवरा आहे तोवर त्या उतरवत नाहीत. माझ्या आईचा हात तसाच होता. मी शिकले आणि चुडा घातला नाही. म्हणूनच कुणाला 'काढा' म्हणायची माझी छाती होत नव्हती. मी म्हणायची, वर सरकवा. तेवढ्याने कोपरातली शीर मोकळी व्हायची. माझा वेळ वाचावा म्हणून बायका रांगेतच चुडा वर चढवायच्या, दंडावर आवळून ठेवायच्या आणि नंबर येईपर्यंत गप्पा मारत बसायच्या.

"बाई, किती रक्त काढून राहिल्या? आमच्या जावयाला पाजता का काय?" माझी भावजय म्हणायची. सगळ्या खिदळायच्या.

आकडे चांगले आले. फारच चांगले. सर खूश. शेवटच्या प्रकरणात त्यांनी एक वाक्य घालायला लावलं: या बायकांना लोहाच्या गोळ्यांची गरज नाही. प्रबंध टाइप झाला. बांधून आला. आकडे खरे असल्याच्या पानावर माझी सही तेवढी राहिली होती.

मग माझा भाऊ गेला. भावजयीचा चुडा उतरवला. काही महिन्यांनी तिला चक्कर आली म्हणून मी तिचं रक्त तपासलं. आकडा खूप खाली. आधी वाटलं, दुःखाने खाल्लंय हिला. पण तिच्या पापणीची आतली बाजू आधीही अशीच पांढरट होती. रक्त कमी असल्याची ती खूण मी पाहिली होती, आणि तरी आकड्यावर विश्वास ठेवला होता. तिच्या दंडावर चुड्याचा वळ अजून होता. मी त्या वळाकडे बघत राहिले.

घरी येऊन पेटीतून आईचा चुडा काढला. डाव्या दंडावर आवळला. रांगेतल्या बाईइतका वेळ बसले. मग दवाखान्यातल्या सिस्टरकडून दोन्ही हातांचं रक्त काढून घेतलं. डावा हात निरोगी, उजवा अशक्त. बाई एकच.

आवळलेल्या दंडाखाली रक्त तुंबतं. त्यातलं पाणी झिरपून जातं, उरलेलं घट्ट होतं. आकडा फुगतो. आमच्या बायका अशक्तच होत्या. चूक चुड्याची नव्हती. रांगेकडे पाठ करून सुई लावणारी मी होते.

सरांना सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"प्रबंध तयार आहे. सही करा, डॉक्टर व्हा."

"सर, आकडे खोटे आहेत."

"तुमच्या लोकांना ताटात वाढलेलंसुद्धा खाता येत नाही. आणि हे बाहेर बोलू नका. लोक म्हणतील, बांगड्यांवर पीएचडी!"

मागे कुणीतरी हसलं. या वेळी मी हसले नाही.

"मी सही करणार नाही," म्हणाले. प्रबंध उचलला आणि बाहेर पडले.

दुसरे मार्गदर्शक शोधले. तिघांनी नकार दिला. नोंदणीची मुदत संपली. कित्येक महिने मला पुस्तक उघडवेना. तुमचे आजोबा म्हणाले, "केली असती सही, तर काय बिघडलं असतं?" सरांपेक्षा ते जास्त लागलं.

भावजयीला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मंग काहून बसून राहिल्या? पुन्हा मोजा की."

मोजलं. चुडा वर न चढवता, जागेवर ठेवून, बोटाच्या टोकातून. दर सुट्टीत, दोन हजार सालानंतरही. यादी आरोग्य उपकेंद्रात देत राहिले. गोळ्या कधी आल्या, कधी आल्या नाहीत. नाही आल्या की पुन्हा यादी घेऊन गेले.

ईशा, सही तुझी आहे, तूच ठरव. पण मी पीएचडी सोडली नाही, नाकारली. यापुढे घरात कुणी 'सोडली' म्हणालं, तर हे पत्र मोठ्याने वाचून दाखव.

तो बांधलेला प्रबंध माझ्या कपाटात आहे. सहीची जागा कोरी आहे.