उतारावरची ट्रायल

माझा नवरा पवनानगर ते लोणावळा जीप चालवतो. दारू प्यायचं आपण कधी ठरवत नाही, हे त्याचं आवडतं म्हणणं. ठरवायच्या आधीच हात जातो म्हणे. हात म्हणजे जणू भाड्याने आणलेला, कुणा परक्याचा. त्या हाताने एकदा माणसांनी भरलेली जीप औंढ्याच्या वळणावर चरात घातली. कुणाला लागलं नाही, एवढंच नशीब. तेव्हा मी त्याला स्पष्ट सांगितलं, यापुढे एक घोट जरी घेतला तर मी मुलीला घेऊन टाकव्याला आईकडे जाईन आणि परत येणार नाही. दोघींच्या कपड्यांची पिशवी भरून दाराजवळच्या खुंटीला टांगून ठेवली.

गोळ्या घेऊन दारू सुटली होती, पण हात कधी जाईल याचा नेम नव्हता. मग पुण्याच्या डॉक्टरांनी एक खुर्ची सुचवली. खुर्चीत बसायचं, कपाळाच्या डाव्या अंगाला चुंबकाचं वेटोळं टेकवायचं आणि ते टकटक करत राहणार. शॉक नाही, भूल नाही. काही आठवडे रोज जायचं. मी भिंतीशी बसून मनातल्या मनात हसायची. इतकी वर्षं मी तोंडाने टकटक केली, ती फुकटच गेली म्हणायची. डॉक्टर मात्र सरळ माणूस. याने प्यायची इच्छा जाईलच असं नाही, म्हणाले, आणि सगळ्यांना गुण येतो असंही नाही. इच्छा झाली आणि हात गेला, यांच्या मधे विचाराला थोडी जागा मिळाली तर मिळेल. गाडीचा ब्रेक समजा.

ब्रेक हा शब्द त्यांनी आमच्यासमोर काढायला नको होता. सोबत माझे थोरले दीर होते. आमच्या घरात सगळे ड्रायव्हर, नाहीतर मेकॅनिक. नवे ब्रेक लायनर टाकले की गाडी रिकामी करून उतारावर न्यायची आणि दाबून बघायची, ही आमच्याकडची रीत. दिरांनी तेवढा एक शब्द उचलला आणि बाकीचं डॉक्टरांकडेच ठेवून आले.

उपचार संपले तेव्हा आखाड चालू होता. श्रावण लागायच्या आत मटण खाऊन घ्यायचं म्हणून सगळी भावकी धरणाच्या कडेला जमली. बायका भाकऱ्या थापत होत्या, पुरुष अक्कल पाजळत होते. दिरांनी ग्लास भरला आणि माझ्या नवऱ्यापुढे ठेवला. वैर म्हणून नव्हे हो, अगदी प्रेमाने.

"नवा ब्रेक हाय. उतारावर घेतल्याबिगर कळनार कसं? एक घोट घे आन् थांबून दाव."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. एवढ्या डोक्यांत खुर्चीची गरज एकट्या माझ्या नवऱ्यालाच आहे असं समजणारा तो डॉक्टर भोळाच म्हणायचा. बोलून बोलून मी दमले होते. पिशवी मी निघताना जीपमध्ये टाकून आणली होती.

नवऱ्याचा हात गेला. ग्लासाला लागला. पण हात तिथेच राहिला. असा तो आधी कधीच राहिला नव्हता. त्याने मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भाऊ," तो म्हणाला, "ट्रायल घेताना आपून गाडीत मानसं बसवतो का?"

ग्लास त्याने दिरांकडे सरकवला. त्याच्या कपाळावर घाम होता, म्हणजे इच्छा कुठेही गेलेली नव्हती.

आता भावकी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, मशीन लय भारी, ब्रेक पक्का बसला. दीर तर असं सांगतात की जणू लायनर त्यांनीच घातले. मला त्या मशीनमधलं काही कळत नाही आणि त्या हातावर माझा भरवसा नाही. पिशवी मी परत खुंटीला टांगली, पण अजून रिकामी केलेली नाही. जीपची चावीही त्याच खुंटीला असते. रोज सकाळी चावी काढताना तो पिशवीकडे बघतो, थोडा थांबतो आणि मग कामाला जातो. त्या थांबण्यावर सध्या आमचा संसार चालला आहे.