न भाजलेला वाफा

"धुराला सातबारा नसतो, गुरुजी," असं म्हणत बाई खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवायच्या आणि काळं झालेलं बोट माझ्या नाकासमोर धरायच्या. जणू ती काजळी मीच पेरली होती.

बाई हवेच्या शास्त्रज्ञ. चांगल्या हवेसाठी त्यांनी पुणं सोडून माले गावात आमची वरची खोली भाड्याने घेतली, आणि राहायला आल्या त्या नेमक्या राबाच्या दिवसांत! भाताचं रोप टाकायच्या आधी, तण मरावं आणि रोप जोमाने यावं म्हणून, आम्ही वाफ्यावर शेण, पाला, गवत पसरून भाजतो, तो राब. आठवडाभर बाई खोकत होत्या, पण कुणाला एका शब्दाने बोलल्या नाहीत.

दर उन्हाळ्यात महिनाभर त्या उत्तर ध्रुवाकडे जायच्या. तिथे त्यांचं विमान बर्फाला लागेल इतकं खालून उडतं आणि नळ्यांनी हवा ओढून घेतं. दूरदूरच्या देशांचा धूर तिथवर पोचतो, काजळी बर्फावर बसते आणि मळलेला बर्फ लवकर वितळतो. माझी बायको भाकरी थापताना हे सगळं ऐकायची.

"म्हंजी आमचा राब बी तितं जातुया व्हय?"

"किती जातो ते अजून सांगता येत नाही, काकू. खोटं कशाला बोलू?"

एका वर्षी निघताना त्या म्हणाल्या, "गुरुजी, यंदा एकच वाफा न भाजता ठेवाल? रोप कसं येतं बघायचंय." मी हो म्हणालो. पण बाईंची पाठ फिरली आणि माझा धीर सुटला. ऐन लावणीत रोप कमी पडलं तर कुणाच्या दारात जायचं? मी तोही वाफा भाजून टाकला.

जुलैपर्यंत पावसाने राख धुऊन गेली होती. बाईंनी परत आल्यावर ते दाट, हिरवंगार रोप पाहिलं आणि लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या. लगेच वहीत लिहू लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई, खोडा ते. मी भाजला होता."

त्यांनी ओळ खोडली आणि इतक्या हसल्या की त्यांना बांधावर बसावंच लागलं. "बरं झालं सांगितलंत. नाहीतर मी जगभर सांगत सुटले असते!" खरं सांगतो, त्या दिवसापासून ती मला पोटच्या लेकीसारखी वाटायला लागली.

आता बाई कायमच्या परदेशात गेल्या. वरच्या खोलीत बायकोने कांदे पसरलेत.

यंदा मात्र एक वाफा खरंच भाजला नाही. रोप आलं, जरा विरळ. तण मात्र बेसुमार. फोटो काढायला मी मोबाइल धरला तशी बायको म्हणाली, "अवो, आदी गवत तरी उपटा. बाई काय म्हणतील?"

"राहू दे," म्हणालो, आणि गवतासकट फोटो पाठवून दिला.