राळेतला अंगठा

माझा अशा गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं छातीठोकपणे सांगणार नाही. पण जे घडलं ते तसंच लिहितोय... हसायचं तर हसा.

मी मुरबाड तालुक्यातला, टोकावड्याचा. मुंबईत एका वाद्यवृंदात डबल बास वाजवतो – माणसापेक्षा उंच वाद्य, व्हायोलिनचा थोरला भाऊ म्हणा. त्याच्या बोच्या, म्हणजे गजाच्या, केसांना राळेची वडी घासावी लागते, नाहीतर बो तारेवरून नुसता घसरतो.

तीन वर्षांपूर्वी नवा बो आणि राळ घ्यायला निघालो, तर बाबा म्हणाले, "मी पण येतो. बघतो तरी." जन्मभर भातशेती केलेला माणूस. दुकानात त्यांनी कुदळीचा दांडा पारखावा तसा एक डोळा मिटून एकेक बो बघितला आणि एक बाजूला काढला. "हा सरळ हाय." तोच सगळ्यात चांगला निघाला. मग गूळ बघतात तसा एका उघड्या वडीत अंगठा दाबला. "ही नरम हाय. ही धरल." अंगठ्यावरचा विळ्याचा तिरका व्रणही राळेत उमटला.

दुकानदार वैतागला. मला म्हणाला, "कोण हे?"

"गावचे आहेत," मी म्हणालो.

वडील आहेत असं म्हणालो नाही. लाज वाटली मला, त्यांच्या पायजम्याची, त्यांच्या बोलण्याची. ती वडी नाकारून मी दुसरी घेतली – कडक, सीलबंद डबीतली. बाबांनी सगळं ऐकलं होतं. परतताना मुरबाडच्या एसटीत एवढंच म्हणाले, "नरम बरी होती रे." त्याच वर्षी, भातकापणीच्या दिवसांत ते गेले. माफी मागायची राहूनच गेली.

दिवसकार्य आटोपल्यावर त्या डबीचं सील मी पहिल्यांदा उघडलं. वडीच्या मधोमध अंगठा, तिरक्या व्रणासकट. कारखान्यात कुणाचा तरी ठसा पडला असेल, असं म्हणून काही न सांगता आईला दाखवली. तिने व्रणावरून बोट फिरवलं. "हे त्यांनी कवा दाबलं रे?"

पुढच्या मे महिन्यात मुद्दाम डबी उघडी करून घराच्या पत्र्यावर ठेवली. राळ वितळली, सपाट झाली. गार झाल्यावर बघतो तर अंगठा परत होता.

गेल्या महिन्यात नवी वडी घ्यायला त्याच दुकानात गेलो. जुनी डबी काउंटरवर ठेवली. दुकानदाराने ती उघडून विचारलं, "हा अंगठा कुणाचा?"

"माझ्या वडिलांचा," मी म्हणालो. "मागे माझ्याबरोबर आले होते ना, ते माझे वडील." आवाज मोठा निघाला. बाकीची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

टोकावड्याला पोचून डबी उघडली. वडी गुळगुळीत. आईने उजेडात नेऊन पाहिली, पदराने पुसून पाहिली.

बाबांनी माफ केलं, की इतक्या उशिराचं ऐकून ते निघून गेले? आता नरम राळ वापरतो. ती बोला लावायच्या आधी रोज जुनी डबी उघडून बघतो. वडी सपाटच असते.