गाडीसाठी सात माणसं

आमच्या काकीला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागे. जाताना रिक्षात ती बरी असे. येताना सीटवर आडवी पडे आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा तिला लागे. आसपास असे आजारी आणखीही होते. मुंबईत धंदा करणाऱ्या आमच्या गावच्याच एका माणसाने रुग्णांसाठी गाडी देऊ केली. अट एकच, गाडी नोंदणी झालेल्या संस्थेलाच देणार. गाव त्याला चांगलंच ठाऊक होतं.

संस्थेला किमान सात सभासद लागतात, असं वकिलाने सांगितलं. देवळात बैठक बोलावली तर सभामंडप भरला. सगळ्यांना अध्यक्ष व्हायचं होतं. सचिव कुणालाच नको, कारण त्याला लिहावं लागतं. अखेर देवळातल्या मानाप्रमाणे पदं वाटली. पालखीला पहिला हात ज्याचा, तो अध्यक्ष. त्या गृहस्थाने कधी कुणा आजाऱ्याला घोटभर पाणी दिल्याचं मला ठाऊक नाही. सचिवपद माझ्या गळ्यात आलं. जन्मभर मास्तरकी केलेल्यावर अशी कामं ढकलायची गावाला सवयच आहे.

मग संस्थेला पत्ता हवा होता. कुणीतरी घरमालकाने संमतीपत्र द्यायचं, एवढंच. पण बंगलेवाले सगळे खाली बघू लागले.

"आज पत्तो देवचो आणि उद्या घरात कूळ लागतला," अध्यक्ष म्हणाले.

आजाऱ्यांची गाडी म्हणे यांच्या घरात कूळ म्हणून घुसणार! सातबाऱ्यापलीकडे यांची अक्कल जात नाही. त्यातच, सभासदांना संस्थेतून नफा घेता येत नाही हे कळताच सातवा गळला. शेवटी काकीनेच आपल्या पडवीचा पत्ता दिला, आणि सातवं नावही तिचंच घातलं.

सह्या करायला सगळे तिच्या पडवीत जमले. ती नुकतीच डायलिसिसहून येऊन बाजेवर पडली होती. मी नियमावली वाचत शेवटच्या कलमाशी आलो: संस्था बंद पडली तर उरलेली मालमत्ता सभासदांनी वाटून घ्यायची नाही, तसंच काम करणाऱ्या दुसऱ्या संस्थेला द्यायची.

"बारसा जावच्या आधी तेराव्याची गजाल कित्याक?" उपाध्यक्ष उखडले. "काढून टाक ता."

"काढलं तर नोंदणी होणार नाही," मी म्हटलं.

"मगे आमची गाडी शेजारच्या गावाक जातली?" अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. एकजण तर उठून चपला शोधू लागला.

अशुभाचं नुसतं निमित्त होतं. गाडी गंजून गेली तरी चालेल, पण शेजारच्या गावाला मिळता कामा नये, हे त्यांचं खरं दुखणं. माझं डोकं फिरलं. समोर बाई पडलीय याचीही यांना लाज नव्हती. मी कागद फाडायलाच निघालो होतो.

"लिव, झिला," काकी पडल्यापडल्या म्हणाली. "मरणाची गजाल करूक माका भय वाटत नाय, तुमका कित्याक वाटता? गाडी जाऊंदे शेजारच्या गावाक. थंय पण कोणतरी असोच पडान आसतलो."

चपला शोधणारा परत येऊन बसला. डायलिसिसच्या हाताला पट्टी होती, म्हणून काकीने दुसऱ्या हाताचा अंगठा उठवला. पालखीला पहिला हात लावणाऱ्या अध्यक्षांनी त्याखाली मुकाट्याने सही केली.

गाडी आली. अध्यक्षांनी नारळ फोडला आणि पुढच्या सीटवर बसून फोटो काढून घेतला. काकी मागे झोपून गेली, पण तिच्या वाट्याला फार फेऱ्या आल्या नाहीत. आता तिच्या जागी शेजारच्या गावची एक बाई झोपून जाते. संस्थेची पाटी अजून काकीच्याच पडवीत आहे, आणि तिथे अद्याप कूळ लागलेलं नाही.