प्लेटआधी आलेलं उत्तर

"एआयने सांगितलंय ना कुठलं औषध लागू पडेल, मग कर की अहवालावर सही!"

"अगं, तो अंदाज आहे. जंतूचे जीन वाचून बांधलेला. प्लेट उद्या सकाळी सांगेल."

"उद्यापर्यंत हे राहतील का, ताई?"

धाकटी बहीण प्रयोगशाळेच्या दारातच अडून उभी होती. तिचा नवरा याच रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर तापाने फणफणत होता आणि दोन औषधांना जंतूने दाद दिली नव्हती. ताई इथली जुनी तंत्रज्ञ. प्लेटमध्ये जंतू वाढवायचे, त्यांवर औषधाच्या चकत्या ठेवायच्या, आणि जिच्याभोवती स्वच्छ वर्तुळ उमटेल ते औषध खरं, यात तिचं आयुष्य गेलं होतं.

आज मात्र तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. प्लेट ठेवलेल्या उबेच्या कपाटाचं दार उघडून ती पुन्हा पुन्हा डोकावत होती.

"नवे लोक दार उघडून जंतू गारठवतात म्हणून तूच हसायचीस ना?"

ताईने दार धाडकन लावलं. "जहाल औषध आहे ते. अंदाज चुकला तर मूत्रपिंडं जातील त्यांची. मग तुला तोंड कसं दाखवू मी?"

"काल त्या बाळंतिणीला हेच दिलंत. अंदाजावरच."

"तिची गोष्ट वेगळी."

"काय वेगळं? तिच्या बहिणीला तोंड दाखवायचं नव्हतं, एवढंच ना?"

 ताईने खिशातलं पेन काढलं, उभ्या उभ्या एआयच्या अहवालावर सही केली आणि धाकटीला बाजूला सारून, तो घेऊन जिना चढू लागली.