वरच्या दांड्याखाली

बाईंचा पुढचा एक दात खोटा होता. खरा एका दहा वर्षांच्या मुलीच्या टाचेनं नेला. ती मुलगी वरच्या दांड्यावरून सुटली, बाईंनी तिला हवेतच झेललं आणि झेलताना टाच तोंडावर बसली. मुलीला खरचटलंसुद्धा नाही. बाई तोंडाला रुमाल लावून "चढ पुन्हा" म्हणाल्या आणि ती चढल्यावर मगच दवाखान्यात गेल्या. हा किस्सा हॉलवर येणाऱ्या प्रत्येक नव्या पालकाला ऐकवला जाई आणि पालक ऐकून खूश होत. दात काही त्यांचा गेला नव्हता.

जिम्नॅस्टिक्सच्या त्या हॉलवर बाईंचं अख्खं तारुण्य गेलं. आल्या तेव्हा त्या स्वतः उड्या मारणाऱ्या होत्या, आणि बऱ्यापैकी मारायच्या. मग गुडघ्यानं दगा दिला. जुन्या सरांनी दया येऊन त्यांना गाद्या ओढायला ठेवून घेतलं. गाद्या ओढता ओढता त्या मुली झेलायला लागल्या, आणि त्यात त्यांची बरोबरी करणारं पुढं कोणी निघालं नाही. कुठली मुलगी कुठल्या क्षणी सुटणार हे त्यांना त्या मुलीच्या आधी कळे. घरीही तीच तऱ्हा. टेबलावरून पेला घसरला की जमिनीवर पोचायच्या आत बाईंच्या हातात. नवरा म्हणायचा, "हिच्या राज्यात पेल्यालासुद्धा पडायची मुभा नाही."

पण सराव वेगळा आणि स्पर्धा वेगळी. मुलींच्या बारच्या प्रकारात दोन दांडे असतात, एक वर, एक खाली. मुलगी वरच्या दांड्यावर झोके घेत घेत हात सोडते, हवेत गिरकी घेते आणि तोच दांडा पुन्हा पकडते. त्या वेळी प्रशिक्षकाला खाली उभं राहायची परवानगी असते; हात लावायची नसते. नुसतं बोट लागलं तरी मुलीचा पूर्ण एक गुण कापतात, आणि ती गिरकी हिशेबातही धरत नाहीत. जिथं पदकं दशांशावर ठरतात तिथं एक गुण म्हणजे मुलगी घरी गेल्यातच जमा.

पूर्वी एका लहानशा स्पर्धेत बाईंनी असाच हात लावला होता. मुलगी पडणार होती की नव्हती, यावर तिचे वडील सगळ्यांदेखत बाईंशी भांडले. वर संघटनेच्या सचिवांनी सुनावलं, "बाई, मुली मोठ्या होतात. तुम्ही कधी होणार?" हे बाईंच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून स्पर्धेत त्या दोन्ही हात काखेत दाबून उभ्या राहत, हुडहुडी भरल्यासारख्या. मुली पाठीमागून त्यांची नक्कल करत आणि बाईंना ते ठाऊक होतं.

त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेसाठी बाईंच्या दोघी निवडल्या गेल्या. कनिष्ठ गटातली टोळ, वरिष्ठ गटातली लांबडी; हॉलवर त्यांना याच नावांनी हाका मारत. टोळ तेरा वर्षांची, नुसती हाडं आणि बडबड. तिला एका जागी बसवायचं तर बांधूनच ठेवावं लागलं असतं. लांबडी बावीसची, या खेळाला नको इतकी उंच, आणि बोलायला पैसे पडत असल्यासारखी गप्प. लांबडी ही बाईंची भाची, सख्ख्या थोरल्या बहिणीची मुलगी.

लांबडीला हॉलवर आणून सोडलं होतं ते बहिणीनंच. "घरात सोफ्याचा भुगा केलाय हिनं. संध्याकाळची तास दोन तास ने हिला, माझं डोकं शांत होईल." पोर सहा वर्षांची होती. ते दोन तास वाढत वाढत गेले, आणि बहिणीचं डोकं काही शांत झालं नाही, उलट तापतच गेलं. लांबडीच्या बरोबरीच्या मुली नोकरीला लागल्या, संसाराला लागल्या. ही अजून मनगटा-तळव्याला चामडी पट्ट्या बांधून दांड्याला लोंबकळत होती. "पोर माझी आहे," ताई बाईंना म्हणायची, "माझ्याकडे फक्त झोपायला येते." ते खरं होतं हे बाई जाणून होत्या. आणि मनातल्या मनात त्यांना त्याचा थोडा अभिमानही होता, हेही इथंच सांगून टाकलेलं बरं.

शेवटी घरात तह झाला. ही राष्ट्रीय स्पर्धा शेवटची. बारवर पहिल्या दोघींना देशाच्या संघात घेणार होते. त्या दोघींत लांबडी आली, तर आईवडील पुढं अवाक्षर काढणार नाहीत. नाही आली, तर वडिलांनी दुसऱ्या गावी एका कार्यालयात नोकरी बघून ठेवली होती. तिनं मुकाट्यानं तिथं रुजू व्हायचं आणि हॉलचं नाव घ्यायचं नाही. लांबडी "चालेल" म्हणाली. बाईंना मात्र ते चालणारं नव्हतं. लांबडी गेली तर हॉलवर शिकवायला मुली होत्या, भरपूर होत्या, पण बाईंचं लेकरू म्हणावं असं दुसरं कोणी नव्हतं. त्यांना स्वतःला मूल झालं नाही.

स्पर्धेला जाताना बसमध्ये लांबडीनं आपण होऊन तोंड उघडलं.

"मावशी, माझ्या हातून सुटलं तर सुटू दे. पण तू हात लावू नकोस."

"नाही लावणार गं."

"काहीही झालं तरी."

"एकदा सांगितलं ना? मला काय नियम माहीत नाहीत?"

सकाळी कनिष्ठ गट होता. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बाकांवर केसांच्या पिना, स्प्रेचे डबे, अर्धवट सोललेली केळी. आया मुलींचे केस इतके घट्ट बांधत होत्या की मुलींच्या भुवया वर चढल्या होत्या. टोळ हाताला पांढरी पावडर चोळून चोळून कोपरापर्यंत पिठात बुडवल्यासारखी झाली होती.

"बाई, तुम्ही खाली आहात ना?"

"आहे."

"झेलाल ना?"

"तुला गरजच लागणार नाही," बाई म्हणाल्या. हे उत्तर नव्हतं. पण टोळला ते उत्तर वाटलं आणि ती उड्या मारत गेली.

सुरुवात झकास झाली. खालच्या दांड्यावरून वर गेली, दोन मोठे झोके घेतले, हात सोडले. सोडले त्याच क्षणी बाईंना कळलं की दांडा हिच्या बोटांना लागेल, पण हातात येणार नाही. त्यांचे हात काखेत वळवळले. बाईंनी ते आणखी घट्ट दाबले. कदाचित सापडेल, बोटांच्या टोकांवर धरेल, पोर दुसरी येऊ शकते, पदक हाताशी आहे, असं सगळं त्या एवढ्याशा वेळात त्यांच्या डोक्यातून गेलं. सचिवही समोरच बसले होते. टोळची बोटं दांड्याला लागली आणि निसटली. ती पसरलेल्या हातावर खाली आली, आणि कोपर नको त्या बाजूला वळलं.

टोळची आई प्रेक्षकांतून कशी खाली आली ते तिचं तिलाही कळलं नसेल.

"तुम्ही तिथंच होतात! एवढ्याशा अंतरावर होतात! बघत काय राहिलात?"

"स्पर्धेत हात लावता येत नाही हो—"

"मग उभ्या कशाला होतात तिथं?"

पोर रडत नव्हती, नुसती दातांवर दात दाबून बाईंकडे बघत होती, आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं. संघाच्या व्यवस्थापक बाई तिला घेऊन दवाखान्यात गेल्या. बाईंना जाता आलं नाही. दुपारी वरिष्ठ गट होता.

मधल्या सुट्टीत बाईंनी चहा घेतला तर निम्मा बशीत गेला. लांबडी समोर येऊन बसली. ती बाईंच्या हातांकडे बघत होती.

"मावशी, दुपारी तू बारपाशी येऊ नकोस. शेजारच्या क्लबच्या सरांना मी विचारते. ते उभे राहतील."

"का? मी काय मेले?"

"तुझे हात बघ कसे होतायत."

"तुझी पहिली कोलांटी या हातांनी झेललीय. आता शेवटच्या वेळी परका माणूस तुझ्याखाली उभा राहणार? आणि मी वर बसून टाळ्या वाजवू?"

लांबडी "बरं" म्हणाली आणि मनगटाच्या पट्ट्या आवळायला लागली.

बाईंनी ऐकायला हवं होतं. त्यांच्या जागी दुसरं कोणी असतं तर बाईंनीच त्याला कान धरून वर बसवलं असतं. पण माणसाला स्वतःचे कान धरता येत नाहीत. ही माया होती की मानपान होता, हे नंतर बाईंनी पुष्कळ शोधलं. दोन्ही असावं. मायेच्या नावाखाली मानपान खपून जातो, आणि तो आपला आपल्यालाही दिसत नाही.

दुपारी लांबडीचं नाव पुकारलं गेलं. तिच्याआधी बहुतेक सगळ्या झाल्या होत्या आणि आकडे फार वर गेले नव्हते. नेहमीसारखं जमलं तर ती पहिली होती. थोडं चुकलं तरी दुसरी. बाई हात काखेत घालून दांड्याखाली जाऊन उभ्या राहिल्या. वर ताई आणि मेहुणे तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यांच्याकडे बघायचं नाही असं बाईंनी ठरवलं होतं, आणि म्हणून त्यांना नेमकं तेच दिसत होतं.

लांबडी चढली आणि सगळ्या हॉलचा आवाज उतरला. तिची उंची एरवी आड यायची, पण अंग ताणून झोका घेतला की डोळ्यांचं पारणं फिटायचं. एक झोका. दुसरा. हात सोडले. गिरकी झाली, अंग उलगडलं, दोन्ही हात दांड्याकडे गेले. त्या क्षणी बाईंना लांबडी दिसलीच नाही. त्यांना दिसलं ते नको त्या बाजूला वळलेलं कोपर.

बाईंचा तळवा लांबडीच्या कमरेला लागला. तेवढ्यातच वर पट्ट्यांचा दांड्यावर फटका वाजला. लांबडीनं दांडा पकडला होता, दोन्ही हातांनी, पुरता.

तिनं पुढचं सगळं केलं, एकही चूक न करता. शेवटची उडी घेऊन गादीवर उतरली ती रोवल्यासारखी उभी राहिली, पाऊलही हललं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोकांना काय माहीत. मुख्य पंचांनी शेजारच्या पंचांकडे बघितलं, त्यांनी मान हलवली, आणि आकडा लागला. लांबडी तिसरी. दुसरीपेक्षा दोन दशांश कमी.

लांबडी बाकावर येऊन बसली आणि दातांनी पट्ट्यांची गाठ सोडायला लागली. बाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मी पकडला होता गं मावशी."

"हो."

"तुला दिसलं नाही?"

"नाही दिसलं."

लांबडीनं मान हलवली. चिडली असती, ओरडली असती, तर बाईंना बरं वाटलं असतं. तिनं पट्ट्या पिशवीत टाकल्या, पाणी प्यायली आणि कपडे बदलायला गेली.

बाई बाहेरच्या जिन्यापाशी तिची वाट बघत होत्या, तेवढ्यात ताई आली. बाईंनी मान खाली घातली आणि जे येईल ते ऐकून घ्यायची तयारी केली. ताईनं त्यांना जवळ घेतलं. कित्येक वर्षांत ताईनं त्यांना जवळ घेतलं नव्हतं. बाईंना रडू फुटणार होतं, तेवढ्यात ताई त्यांच्या कानाशी म्हणाली,

"केलंस ते बरं केलंस."

"काय केलं?"

"मला वाटलं नव्हतं तू माझ्यासाठी एवढं करशील. तिला सोडणं तुला किती जड गेलं असेल, कळतं मला. पण पोर मोकळी झाली एकदाची. तुझे उपकार आहेत."

"ताई, काय बोलतेस तू? मी मुद्दाम...?"

"असू दे. मी कुणाला बोलणार नाही." ताईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. तिचे डोळे भरून आले होते. इतकी वर्षं धाकट्या बहिणीनं आपलं लेकरू पळवलं म्हणून जळत होती ती, आणि आज बहिणीनं ते परत आणून दिलं अशी तिची खात्री झाली होती. अशा माणसाला समजावणार कसं?

बाईंनी वर बघितलं. लांबडी खांद्याला बॅग लावून दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"खरंच, मावशी?"

"नाही गं! वेडी का तू? हात आपोआप गेला. मला कळलंसुद्धा नाही. आयुष्यभर झेलत आले मी, हात आपोआप जातो माझा!"

लांबडीच्या तोंडावर राग नव्हता. हिशेब जुळत नसला की माणूस जसा बघतो, तशी ती बघत होती.

"सकाळी टोळ खरंच पडत होती," ती म्हणाली. "तेव्हा नाही गेला आपोआप."

बाईंनी तोंड उघडलं. सकाळी नाही गेला, म्हणूनच दुपारी गेला, एवढंच त्यांना सांगायचं होतं. ते खरं होतं. त्यांनी ते सांगितलंही, दोनदा सांगितलं. पण ते इतकं सबबीसारखं ऐकू येत होतं की दुसऱ्यांदा सांगताना त्यांचा त्यांनाच विश्वास वाटेना. ताई लेकीला म्हणाली, "जाऊ दे गं आता, मावशीला त्रास देऊ नकोस." मग दोघी जिना उतरायला लागल्या, लांबडी पुढं आणि तिच्या दंडाला धरून ताई मागं.