दही-साखरेचा चमचा

सर्वेश घाडी हा काही देवभोळा माणूस नव्हता. मांजर आडवं गेलं तर हा थांबायचा नाही, उलट मांजरालाच "सरक गं बाई" म्हणून पुढे व्हायचा. मुलुंडच्या एका पंपांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. कुठला बोल्ट कुठल्या खणात आहे हे डोळे मिटून सांगणारा माणूस; नशीब नावाच्या वस्तूला त्याच्या खणांत जागाच नव्हती. मग मालकांनी कारखाना गुजरातेत हलवला, जागेवर टॉवर चढू लागला, आणि सर्वेश ऐन चाळिशीत घरी बसला.

घरी बसला असं म्हणणं तसं अन्यायाचं, कारण तो बसला कधीच नाही. मोबाईलवर अर्ज भर, ओळखीच्यांना फोन लाव, भांडुपपासून घाटकोपरपर्यंतच्या ऑफिसांच्या पायऱ्या चढ, हेच चाललं होतं. समोर बसलेली पोरं त्याच्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान. "पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?" असं ती विचारायची. याला पुढच्या महिन्याचं दिसत नव्हतं, पण हसून काहीतरी बोलावं लागायचं. सगळे गोड बोलायचे, पाणी विचारायचे, "कळवतो" म्हणायचे आणि वाटाण्याच्या अक्षता लावून मोकळे व्हायचे.

घरात तो, बायको रश्मी आणि आई. रश्मी घाटकोपरच्या एका तपासणी केंद्रात रक्ताचे नमुने घ्यायची, त्यामुळे सकाळी लवकर निघून जायची. आई, मालन, कुडाळकडची. नवरा गिरणीत असताना लग्न करून मुंबईला आली, पण बोलणं गावचंच ठेवलं. मुलगा इंटरव्ह्यूला निघाला की ती त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवायची. आणि दही-साखर ठेवून झाली, त्याने बूट चढवले, की हमखास तिच्या तोंडून निघायचं, "आज खंय चललस रे?"

बाहेर पडणाऱ्याला 'कुठे' विचारू नये, मागून हाक मारू नये, हे खरं तर तिनेच त्याला लहानपणी शिकवलेलं. पण पोटच्या पोराच्या बाबतीत जीभ कुठली ऐकायला! आधी तो हसायचा. "आई, तूच नियम मोडतेस की." मग एक नोकरी अगदी हातातोंडाशी येऊन गेली. पाठोपाठ दुसरी गेली. त्या दोन्ही सकाळी आईने विचारलं होतं, हे त्याच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

नोकऱ्या का जात होत्या हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. नवीन सॉफ्टवेअर त्याला येत नव्हतं आणि त्यांना कमी पगारातला तरुण हवा होता. पण सॉफ्टवेअरवर कुणाला ओरडता येतं? आई घरात होती, हाताशी होती आणि उलट बोलणारी नव्हती.

"तुला किती वेळा सांगितलं, विचारत जाऊ नकोस! वाट लागते सगळ्या कामाची!" एकदा तो दारातच ओरडला. शेजारच्या शकुमावशी बाहेर येऊन बघून गेल्या.

"चुकलंय रे बाबा," मालन एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून तो बूट घालायला लागला की ती पदराचा शेव तोंडावर दाबून धरायची आणि तो जिना उतरून जाईपर्यंत सोडायची नाही. सर्वेशला ते दिसायचं, थोडं वाईटही वाटायचं. पण तेवढ्यापुरतंच. जाऊ दे, एकदा नोकरी लागली की हिची क्षमा मागू, पेढे भरवू, असं तो स्वतःला समजवायचा. माफी मागायलाही त्याला आधी नोकरी हवी होती.

मग भांडुपच्या एका गोडाऊनमधून बोलावणं आलं. तेही पंपांच्या सुट्या भागांचं. दरम्यान त्याने ते मेलं सॉफ्टवेअर मोबाईलवर बघून बघून शिकून घेतलं होतं. हे काम आपलं आहे, असं त्याला पहिल्यांदाच आतून वाटत होतं, आणि म्हणूनच सकाळपासून तो काचेच्या भांड्यासारखा जपून वागत होता.

रश्मी कामावर गेली होती. मालन वाटी घेऊन आली. त्याने तळहात पुढे केला. तिने चमचा भरून उचलला आणि तो तिच्या हातातून सुटला. दही सर्वेशच्या इस्त्रीच्या पँटवर पडलं, चमचा खणखणत दारापर्यंत गेला.

"आजच पाडायचा होता तुला? आजच?"

मालन आपल्या उजव्या हाताकडे बघत होती, परक्याचा हात असावा तशी. तिने तोंड उघडलं. "बा... बा..." असं काहीसं बोबडं आलं.

"काही बोलू नकोस! एक अक्षर बोलू नकोस आता!"

त्याने ओल्या रुमालाने पँट पुसली आणि बूट चढवले. दारातून एकदा वळून पाहिलं. मालन भिंतीला टेकून उभी होती. डाव्या हाताने तिने पदर तोंडावर दाबून धरला होता. त्याला हायसं वाटलं. बरं झालं, मागून हाक मारणार नाही, असं मनात म्हणत तो जिना उतरला.

इंटरव्ह्यू झकास झाला. गोडाऊनचे मॅनेजर सुबोध म्हणून होते, पिकल्या केसांचे. त्यांनी पाच वर्षांचं काही विचारलं नाही, त्याला सरळ रॅकमधून फिरवलं, कॉम्प्युटरवर माल चढवून दाखवायला सांगितलं आणि म्हणाले, "एक तारखेपासून या." सर्वेशचे पाय जमिनीवर नव्हते. आईला तोंडानेच सांगायचं, फोनवर नाही, असं ठरवून तो मिठाईच्या दुकानात शिरला. पेढे बांधून घेतले आणि पैसे द्यायला, सकाळपासून बंद ठेवलेला मोबाईल चालू केला. स्क्रीनवर शकुमावशींचे आणि रश्मीचे फोन येऊन गेल्याचे मेसेज पडू लागले, एकाखाली एक.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, सकाळी काही जाणवलं होतं का? सर्वेशने सगळं सांगितलं. हातातून चमचा पडला, बोलणं बोबडं आलं. रश्मी बाजूलाच उभी होती.

"तेव्हाच आणलं असतं तर..." डॉक्टर म्हणाले. रश्मी रोज रुग्ण बघणारी बाई. हे कसलं लक्षण हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने त्याला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि दिला असता तर बरं झालं असतं असं त्याला अजून वाटतं.

मालन वाचली. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. माणसं ओळखते, सांगितलेलं सगळं कळतं. आता दिवसा शकुमावशी तिच्याजवळ बसतात.

सर्वेश भांडुपला रोज कामाला जातो. काम चांगलं आहे, सुबोधसाहेब त्याच्यावर खूश आहेत. पण सकाळी दारात त्याचा पाय निघत नाही. बूट घालून झाले की तो आईच्या कॉटपाशी येतो, खाली वाकतो.

"आई, विचार ना," तो म्हणतो. "खंय चललस, विचार गं एकदा."

मालन त्याच्या बुटांकडे बघते. हल्ली तिला गाऊन घालतात, पदर नसतो. मग ती आपला चांगला हात हळूहळू वर आणते आणि तळहात तोंडावर घट्ट दाबून धरते, तो जिना उतरून जाईपर्यंत.